नियमाची सकृत् प्रवृत्ती : परिभाषाशास्त्र आणि स्वयंचल यंत्रांचा सिद्धान्त

संगणकशास्त्राच्या अभ्यासक्रमात 'ऑटोमाटा थिअरी' व 'कंप्युटेबिलिटी' या नावांनी शिकविला जाणारा विषय, आणि संस्कृत विभागांतून 'परिभाषेन्दुशेखर' या ग्रंथाच्या द्वारे शिकविले जाणारे परिभाषाशास्त्र, हे दोन विषय आपल्या विद्यापीठांत परस्परांस अपरिचित अशा दोन दालनांत नांदत आले आहेत. पहिल्या दालनातील विद्यार्थी ट्यूरिंगचे यंत्र परीक्षेपुरते पाठ करतो. दुसऱ्या दालनातील विद्यार्थी परिभाषा पाठ करतो. दोघांच्याही पुढे प्रश्न मात्र बव्हंशी एकच असतो. नियम असा लिहावयाचा की, तो पाळणाऱ्याने स्वतःची अक्कल न चालविताही इष्ट रूप सिद्ध व्हावे; मग असे नियम एकत्र आले असता त्यांत कलह झाल्यास काय करावे, आणि त्यांचे कार्य थांबते की नाही, हे कसे ओळखावे?

या समानतेकडे आजवर दोन टोकांनी पाहिले गेले आहे. एक पक्ष म्हणतो की, स्वयंचल यंत्रांचा सिद्धान्त ही सर्वस्वी पाश्चात्त्य गणिताची निर्मिती असून व्याकरणाशी तिचा संबंध नाही. दुसरा पक्ष म्हणतो की, पाणिनीला हे सर्व ठाऊक होतेच. प्रस्तुत लेखाचा हेतू या दोन्ही पक्षांची तपासणी करण्याचा आहे. त्यासाठी ज्या परिभाषेचा आधार घ्यावयाचा ती नागेशभट्टाच्या ग्रंथातील असून तिच्या अध्ययनाचा एक मोठा अध्याय महाराष्ट्रात घडलेला आहे. दारव्ह्यासारख्या तालुक्याच्या गावी मराठीतून शिकून पुढे संगणकशास्त्राकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याला आपल्या परंपरेचा खरा वाटा कोणता आणि खोटा कोणता, हे सांगता येणे अगत्याचे आहे. कारण पहिला पक्ष त्याला परका ठरवितो आणि दुसरा पक्ष त्याला आळशी बनवितो.

१. यंत्र आणि त्याची स्मृती

'यंत्र' हा शब्द येथे लोखंडी चाकांच्या अर्थाने घ्यावयाचा नाही. जे एकेक चिन्ह वाचते, आपल्या त्या वेळच्या अवस्थेनुसार काही कृती करते आणि ठरलेल्या दुसऱ्या अवस्थेत जाते, ते स्वयंचल यंत्र होय. या शास्त्राचा मुख्य प्रश्न असा की, अमुक काम करावयास यंत्राजवळ किती आणि कशा प्रकारची स्मृती असली पाहिजे?

वऱ्हाडातील वाचकास परिचित असे एक उदाहरण घेऊ. महानुभाव पंथीयांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी इत्यादी सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले होते. सकळ लिपीचे कर्तृत्व परंपरा चौदाव्या शतकातील रवळोबासांकडे देते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्यासारख्या संशोधकांनी या लिपीचा उलगडा केला, आणि त्यानंतर यवतमाळचे य. खु. देशपांडे आदी अभ्यासकांच्या परिश्रमाने या पंथाचे वाङ्मय मराठी वाचकांस मोठ्या प्रमाणावर उपलब्ध झाले. सकळ लिपीचे मूळ तत्त्व एका वर्णचिन्हाच्या जागी ठरलेले दुसरे चिन्ह योजणे हे होय. किल्ली एकदा हाती आली की, वाचकाला मागे काय वाचले ते लक्षात ठेवण्याचे कारण उरत नाही. शतकानुशतके अभेद्य राहिलेली ही लिपी, यंत्राच्या दृष्टीने पाहिली असता, एकाच अवस्थेचे काम आहे. गुप्तता किल्लीत असते. यंत्राच्या सामर्थ्यात नव्हे.

याहून किंचित वरची पायरी एकेरी लोहमार्गाची. मूर्तिजापूरहून दारव्ह्यावरून यवतमाळला जाणाऱ्या अरुंदमापी मार्गाची आठवण या भागात अद्याप ताजी आहे. अशा मार्गावर दोन स्थानकांमध्ये एका वेळी एकच गाडी सोडावयाची, तर मार्ग 'मोकळा' आहे की 'व्याप्त' एवढेच ध्यानात ठेवावे लागते. या यंत्राच्या अवस्था दोन.

मराठीचे शब्दरूप ही त्याच जातीची, पण अधिक अवस्थांची गोष्ट आहे. 'झाड' या शब्दास 'वर' हे शब्दयोगी अव्यय एकदम लागत नाही. आधी 'झाडा' असे सामान्यरूप व्हावे लागते, मग 'झाडावर'. त्यास 'चा' लागून 'झाडावरचा', त्याचे पुन्हा सामान्यरूप 'झाडावरच्या', आणि मग 'झाडावरच्यांना'. मूळ शब्द, सामान्यरूप, शब्दयोगी-युक्त रूप, विशेषणरूप आणि त्याचे सामान्यरूप अशा अवस्था मांडून त्यांना बाणांनी जोडले की मराठी नामाच्या रूपांचा एक नकाशा तयार होतो. 'झाडवर' हे रूप मराठी नव्हे, हे त्या नकाशात तसा बाणच नसल्यामुळे कळते. अशा परिमित अवस्थांच्या यंत्रांचा गणिती अभ्यास मॅक्‌कलक व पिट्स यांच्या मज्जापेशींवरील १९४३ च्या निबंधापासून सुरू झाला. क्लीनीने त्यांची भाषा कोणती ते १९५६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात निश्चित केले, आणि राबिन व स्कॉट यांनी १९५९ मध्ये त्यास आज शिकविले जाणारे रूप दिले.

परिमित यंत्राला जे जमत नाही ते म्हणजे अमर्याद मोजणे. गणितातील कंस कितीही खोल एकमेकांत गुंतलेले असू शकतात. उघडलेला प्रत्येक कंस मिटला की नाही हे पाहावयास ठराविक अवस्था पुरत नाहीत. त्यासाठी पोत्यांच्या थप्पीसारखी स्मृती लागते: शेवटी ठेवलेले पोते आधी काढावयाचे. यापुढची पायरी मागेपुढे कोठेही जाऊन वाचता-लिहिता येईल अशा अमर्याद फितीची. नोम चॉम्स्की यांनी १९५६ व १९५९ मधील लेखांत व्याकरणाच्या नियमांचे जे चार वर्ग केले, त्यांची सांगड यंत्रांच्या या पायऱ्यांशी लागते. म्हणजे या शास्त्राचा निम्मा भाग भाषाभ्यासातूनच आला आहे, हे पहिल्या पक्षाने ध्यानात घ्यावे.

२. न थांबणारे नियम

दुसरा निम्मा भाग तर्कशास्त्रातून आला. कोणतेही विधान दिले असता ते सिद्ध होण्याजोगे आहे की नाही, हे ठरविणारी यांत्रिक पद्धती सापडेल काय, असा प्रश्न हिल्बर्ट व आकरमान यांनी १९२८ मध्ये मांडला होता. १९३६ मध्ये चर्च व ट्यूरिंग यांनी स्वतंत्रपणे त्याचे नकारार्थी उत्तर दिले. त्यासाठी ट्यूरिंगने 'यांत्रिक पद्धती' या शब्दप्रयोगाचीच व्याख्या केली. ट्यूरिंगचे यंत्र ते हेच.

त्याच्या युक्तिवादाचे सार पुढील रूपाने सांगता येते. यंत्राचे वर्णन हे देखील चिन्हांची एक ओळच असल्यामुळे ते दुसऱ्या यंत्राला वाचावयास देता येते. आता समजा, कोणतेही यंत्र व त्यास द्यावयाची ओळ पुढे ठेवली असता 'हे थांबेल' किंवा 'हे थांबणार नाही' असा अचूक निर्णय देणारे एक निर्णायक यंत्र आहे. त्यावरून आणखी एक विपरीत यंत्र रचू. त्याने एखाद्या यंत्राचे वर्णन घ्यावे, ते यंत्र स्वतःच्याच वर्णनावर चालविले असता थांबेल काय असे निर्णायकास विचारावे, आणि 'थांबेल' असे उत्तर आल्यास स्वतः अखंड फिरत राहावे, 'थांबणार नाही' असे आल्यास ताबडतोब थांबावे. या विपरीत यंत्राला त्याचेच वर्णन दिले की काय होईल? ते थांबत असेल तर थांबत नाही, आणि थांबत नसेल तर थांबते. हा व्याघात टाळावयाचा तर निर्णायक यंत्र असूच शकत नाही, असे म्हणावे लागते.

व्याकरणाच्या अभ्यासकाला याचीच दुसरी बाजू अधिक जवळची वाटेल. नॉर्वेचे गणिती आक्सेल तू यांनी १९१४ मध्ये असा प्रश्न मांडला की, अक्षरांच्या एका ओळीच्या जागी दुसरी ओळ योजण्याची मुभा देणारी काही समीकरणे दिली असता, एका शब्दापासून दुसरा शब्द मिळतो की नाही हे ठरविता येईल काय? आदेशांचा हा निव्वळ खेळ. पण १९४७ मध्ये पोस्ट व मार्कोव्ह यांनी, परस्परांपासून स्वतंत्रपणे, या प्रश्नास सर्वसाधारण निर्णयपद्धती नाही असे सिद्ध केले. आदेशाच्या नियमांवर कोणतेच बंधन नसेल, तर त्या नियमांत कोणतेही संगणन लपू शकते, आणि मग ते कोठे जाऊन थांबेल हे आधी सांगण्याचा सर्वांसाठी एकच असा मार्ग राहत नाही.

म्हणून खरा व्यावहारिक प्रश्न उरतो तो बंधनाचा. कोणते बंधन घातले असता आदेशाचे नियम आटोक्यात राहतात? येथे पाणिनीय परंपरेकडे वळावयास हवे.

३. पाणिनीय नियमाचा आकार

अष्टाध्यायीत सुमारे चार हजार सूत्रे आहेत. त्यांतील आदेशविधींची मांडणी विभक्तींच्या आधारे केलेली आहे. ज्याच्या जागी आदेश व्हावयाचा तो षष्ठीत, आदेश प्रथमेत, ज्याच्या पूर्वी कार्य व्हावयाचे ते परनिमित्त सप्तमीत, आणि ज्याच्या पुढे कार्य व्हावयाचे ते पूर्वनिमित्त पंचमीत. विभक्तींच्या या विशेष अर्थांची व्यवस्था पहिल्याच पादात लावून दिलेली आहे. विसाव्या शतकात चॉम्स्की व हॅले यांच्या १९६८ च्या ग्रंथाने ध्वनिनियमांची जी मांडणी रूढ केली, तीत हेच चार घटक असतात: मूळ, आदेश, डावीकडील परिसर आणि उजवीकडील परिसर. हा केवळ योगायोग नव्हे. लेनर्ड ब्लूमफील्ड हे पाणिनीचे अभ्यासक होते. १९३३ च्या आपल्या 'लँग्वेज' या ग्रंथात त्यांनी अष्टाध्यायीचा मोठा गौरव केला, आणि १९३९ मध्ये मेनॉमिनी या अमेरिकी आदिवासी भाषेच्या रूपांचे वर्णन त्यांनी क्रमबद्ध नियमांच्या पद्धतीने केले. नियमाच्या आकाराचा हा प्रवास इतिहासास धरून आहे.

नियम अनेक झाले की कलह येतोच. इ, उ, ऋ, ऌ यांच्यापुढे स्वर आला असता अनुक्रमे य्, व्, र्, ल् होतात. म्हणून दधि व अत्र मिळून 'दध्यत्र'. परंतु दधि व इन्द्र यांच्या संधीत पुढचा स्वर सवर्ण असल्याने दीर्घाचा नियमही उभा राहतो. येथे विशेष नियम सामान्य नियमाचा बाध करतो आणि 'दधीन्द्र' हे रूप होते. समान बळाच्या दोन नियमांत विरोध आल्यास परनियम प्रवृत्त व्हावा अशी व्यवस्था पहिल्या अध्यायाच्या चौथ्या पादातील दुसऱ्या सूत्राने केलेली आहे. 'पर' या शब्दाचा अर्थ कसा घ्यावा याविषयीचा वाद ऋषी राजपोपट यांच्या केंब्रिज विद्यापीठातील प्रबंधामुळे २०२२ मध्ये पुन्हा पेटला. त्यांच्या मताशी सर्व वैयाकरण सहमत नाहीत. दोन सहस्रकांहून जुना असलेला हा प्रश्न निव्वळ पुराणवस्तू झालेला नाही, एवढे त्यावरून खास दिसते.

परंपरेने या एका सूत्रावर भागविले नाही. पर, नित्य, अन्तरङ्ग आणि अपवाद या चार प्रकारच्या नियमांत पुढचा पुढचा अधिक बलवान, अशी श्रेणी तिने लावली. शेवटच्या तीन पादांतील कार्ये आधीच्या शास्त्राच्या दृष्टीने 'असिद्ध', म्हणजे जणू घडलीच नाहीत अशी, मानून तिने नियमांच्या क्रमाचीही सोय केली. सूत्रांचा अर्थ व परस्परसंबंध ठरविणारी ही जी सूत्रे किंवा न्याय, त्यांनाच परिभाषा म्हणतात. नियमांविषयीचे नियम ते हेच.

४. महाराष्ट्रातील परिभाषाध्ययन

अशा परिभाषांचा सर्वांत प्रौढ विचार नागेशभट्टाच्या 'परिभाषेन्दुशेखर' या ग्रंथात आढळतो. काळे उपनावाचे हे महाराष्ट्रीय पंडित अठराव्या शतकात काशीस राहून ग्रंथरचना करीत होते. भट्टोजी दीक्षितांचे नातू हरि दीक्षित हे त्यांचे गुरू. ग्रंथात सव्वाशेच्या आसपास परिभाषा असून त्यांतील एक प्रकरण 'बाधबीज' या नावाने नियमांच्या बाध्यबाधकभावासच वाहिलेले आहे. नागेशाची पद्धती लक्षात घेण्याजोगी आहे. अमुक परिभाषा मानली नाही तर पाणिनीचा अमुक शब्द व्यर्थ ठरेल, आणि तो व्यर्थ असणे संभवत नाही. तस्मात् तोच शब्द परिभाषेचा ज्ञापक होय. म्हणजे एकेका सूत्राकडे न पाहता सगळी व्यवस्था पुढे ठेवून, तिच्यातील एखादा भाग काढला असता काय बिघडते, हे तो तपासतो.

हा ग्रंथ पाश्चात्त्य जगापुढे आला तो पुण्याहून. फ्रान्त्स कीलहॉर्न हे १८६६ ते १८८१ या काळात डेक्कन कॉलेजात संस्कृतचे अध्यापक होते. पुण्याच्या शास्त्रीमंडळींचे साहाय्य घेऊन त्यांनी १८६८ मध्ये मुंबई संस्कृत ग्रंथमालेत परिभाषेन्दुशेखराची संहिता प्रसिद्ध केली, आणि १८७४ पर्यंत त्याचे सटीप इंग्रजी भाषांतर पुरे केले. पुढे पातंजल महाभाष्याची त्यांची आवृत्ती १८८० पासून निघाली. विसाव्या शतकात वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी महाभाष्य मराठीत आणले. त्यांचे चिरंजीव काशीनाथ वासुदेव अभ्यंकर यांनी १९६१ मध्ये संस्कृत व्याकरणाचा कोश आणि १९६७ मध्ये भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातर्फे 'परिभाषासंग्रह' प्रसिद्ध करून या शाखेचे साहित्य एकत्र केले. पुणे विद्यापीठाच्या संस्कृत प्रगत अध्ययन केंद्रातील शिवराम दत्तात्रेय जोशी यांनी पॉल किपार्स्की यांच्यासह १९७९ मध्ये सिद्ध-असिद्ध विचारावर निबंध लिहिला. त्यात जुन्या शास्त्रीपरंपरेचा आणि नव्या ध्वनिविचाराचा प्रत्यक्ष संवाद झाला. किपार्स्की यांनी १९७३ मध्ये विशेष नियमाने सामान्य नियमास अडविण्याचे जे तत्त्व ध्वनिविचारात मांडले, त्याची पाणिनीय बाजू अपवादाच्या कल्पनेत आहे, हे उघड आहे.

५. 'एकदाच' या अटीचे मोल

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. परंपरेतील एका परिभाषेचा आशय असा आहे की, एका लक्ष्याच्या ठायी एका लक्षणाची प्रवृत्ती सकृत् म्हणजे एकदाच होते. व्याकरणाच्या विद्यार्थ्याला तिची गरज 'सुधी' व 'उपास्य' या शब्दांच्या संधीतच भासते. ईकाराचा यकार झाल्यावर 'सुध्य्' असे रूप होते. स्वराच्या पुढे असलेल्या धकाराचे, त्याच्यापुढे स्वर नसल्यामुळे, विकल्पाने द्वित्व होते. द्वित्व झाल्यावर दोन धकार झाले. परंतु त्यांतील पहिला धकार अद्यापही स्वराच्या पुढेच आहे, आणि त्याच्यापुढे अद्यापही स्वर नाही. म्हणजे नियमाची अट पुन्हा पुरी झाली. पुन्हा द्वित्व केले तरी पहिल्या धकाराची स्थिती तीच राहणार. नियम आंधळेपणाने पाळणारा मनुष्य 'उपास्य' या शब्दापर्यंत कधीच पोहोचणार नाही. हा अनवस्थेचा प्रसंग त्या परिभाषेने टळतो: या धकाराच्या ठिकाणी हा नियम एकदा लागला, आता तो पुन्हा लागावयाचा नाही. मग पुढील कार्य होऊन 'सुद्ध्युपास्य' हे रूप सिद्ध होते.

आता याची दुसरी बाजू पाहू. १९७२ मध्ये सी. डग्लस जॉन्सन यांनी ध्वनिवर्णनाच्या आकारिक स्वरूपावरील आपल्या ग्रंथात असे दाखविले की, चॉम्स्की-हॅले पद्धतीचे नियम दिसावयास परिसरसापेक्ष, म्हणजे बऱ्याच वरच्या पायरीचे असले, तरी त्यांच्यावर एकच अट घातली असता त्यांचे काम परिमित अवस्थांच्या यंत्राने होते. ती अट अशी की, नियमाने स्वतःच निर्माण केलेल्या भागावर तो नियम पुन्हा पुन्हा लागू नये. अट काढली तर काय होते, याचे एक सोपे उदाहरण देता येते. समजा नियम असा आहे की, क आणि ख यांच्या मध्ये 'कख' घालावे. 'कख' पासून 'ककखख' मिळेल. त्यातही मध्ये क आणि ख शेजारी आहेतच. म्हणून 'कककखखख', आणि याप्रमाणे पुढे. मिळणाऱ्या प्रत्येक शब्दात क जितके तितकेच ख. हे मोजणे परिमित यंत्राच्या आवाक्याबाहेरचे आहे, हे आपण कंसांच्या उदाहरणात पाहिलेच. एकदाच लावावयाचा असेल तर हाच नियम परिमित यंत्राला सहज झेपतो. नियमाचा आकार दोन्ही वेळा तोच. फरक पडला तो 'एकदाच' या अटीने.

जॉन्सन यांच्या निष्कर्षाकडे पुष्कळ काळ कोणाचे लक्ष गेले नाही. रोनाल्ड कॅप्लन व मार्टिन के यांनी तोच निष्कर्ष स्वतंत्रपणे काढून १९८१ मध्ये मांडला व १९९४ मध्ये सविस्तर प्रसिद्ध केला. मध्यंतरी १९८३ मध्ये किम्मो कोस्केन्निएमी यांनी फिन्निश भाषेसाठी याच जातीच्या यंत्रांवर आधारलेली रूपविचाराची पद्धती उभारली. शब्दरूपांचे यांत्रिक विश्लेषण करण्याचा एक मुख्य मार्ग त्यातून तयार झाला. 'झाडावरच्यांना' यासारख्या मराठी रूपांचा जो नकाशा वर सांगितला, तो संगणकात उतरविणे शक्य होते ते या मार्गानेच.

म्हणजे अठराव्या शतकात काशीस नोंदलेली, एकोणिसाव्या शतकात पुण्यात मुद्रित झालेली परिभाषा आणि १९७२ चा सिद्धान्त यांत एकाच अटीचा विचार आहे. एक नियमाचे कार्य थांबावे म्हणून ती घालते. दुसरा यंत्राची स्मृती मर्यादित राहावी म्हणून. दोन्ही संकटांचे मूळ एकच आहे: नियम आपल्याच फलावर पोसला जाऊ लागतो. या दोहोंत ऐतिहासिक देवाणघेवाण झाली असे मी सुचवीत नाही. आंधळेपणाने पाळावयाचा नियम जो कोणी प्रामाणिकपणे लिहावयास बसेल, त्याला ही अडचण कधी ना कधी भेटतेच, इतकेच यावरून निष्पन्न होते.

६. परिभाषा आणि सिद्धान्त यांतील भेद

येथवर आलेला वाचक दुसऱ्या पक्षाकडे झुकण्याचा संभव आहे. म्हणून भेदाची बाजू तितक्याच स्पष्टपणे मांडली पाहिजे.

परिभाषा आणि गणिती सिद्धान्त यांचे प्रामाण्य भिन्न जातीचे असते. वैयाकरण परिभाषेला 'अनित्य' म्हणू शकतो. म्हणजे इष्ट रूपाला बाध येत असेल तेथे ती लागत नाही, असे तो मोकळेपणाने सांगतो. त्याचे अंतिम प्रमाण शिष्टांचा प्रयोग होय, आणि भाषेचे वर्णन करावयाचे म्हटल्यावर तसे असणेच योग्य होय. जॉन्सनचा किंवा ट्यूरिंगचा सिद्धान्त अनित्य असू शकत नाही. एक अपवाद सापडला तर तो सिद्धान्तच उरत नाही. शिवाय, परिभाषा एका विशिष्ट व्याकरणातील नियमांविषयी बोलते. संगणनीयतेचा सिद्धान्त शक्य असलेल्या सर्व नियमसमूहांविषयी बोलतो. 'अशी पद्धती असूच शकत नाही' हे म्हणावयास 'पद्धती' या वस्तूची संपूर्ण व्याख्या हाती असावी लागते. ती व्याख्या १९३६ पूर्वी मानवजातीजवळ नव्हती. पाणिनीजवळ नव्हती, तशी लाइब्निट्सजवळही नव्हती. यात पाणिनीला उणेपणा येत नाही.

याच कारणासाठी लोकप्रिय झालेल्या दोन विधानांची शहानिशा करणे जरूर आहे. १९६७ मध्ये पी. झेड. इंगरमन यांनी संगणकीय भाषांच्या व्याकरणासाठी वापरल्या जाणाऱ्या बॅकस-नाउर पद्धतीला 'पाणिनि-बॅकस' असे नाव द्यावे, अशी सूचना एका पत्राद्वारे केली. सूचना गुणग्राहकतेची होती. परंतु बॅकस-नाउर पद्धतीचे नियम परिसरनिरपेक्ष असतात, आणि पाणिनीच्या आदेशविधींचे वैशिष्ट्य तर परिसराच्या काटेकोर निर्देशात आहे. दोन्ही वस्तू थोर, पण एक नव्हेत. १९८५ मध्ये रिक ब्रिग्ज यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एका नियतकालिकात संस्कृतातील शाब्दबोधाच्या पद्धतीवर लेख लिहिला. त्यात नागेशाच्या मंजूषेचाच आधार घेतला होता. लेखक अमेरिकेच्या अंतराळ संस्थेच्या एका केंद्रात काम करीत असल्यामुळे, त्या संस्थेने संस्कृत ही संगणकास सर्वोत्तम भाषा ठरविली, अशी आख्यायिका पसरली. लेखाचा विषय वाक्यार्थाची जाळ्याच्या रूपात मांडणी करण्याच्या दोन पद्धतींतील साम्य हा होता. कोणत्याही संस्थेचा निर्णय तो नव्हता. आख्यायिका ज्यांना पुरते त्यांना नागेश उघडून पाहण्याची गरज वाटत नाही, हे तिचे सर्वांत मोठे नुकसान होय.

बंधनाविना नियमांचे काय होते, याचा धडा आधुनिक भाषाशास्त्रालाही घ्यावा लागला. १९७३ मध्ये पीटर्स व रिची यांनी असे सिद्ध केले की, चॉम्स्की यांच्या १९६५ च्या पद्धतीची रचनांतरणात्मक व्याकरणे ट्यूरिंगच्या यंत्राइतकी समर्थ आहेत. हा गौरव नव्हता. ती आपत्ती होती. जे व्याकरण काहीही संगणित करू शकते, ते मानवी भाषा कशी असू शकत नाही हे सांगूच शकत नाही. १९७२ चा निष्कर्ष आणि १९७३ चा निष्कर्ष शेजारी ठेवले म्हणजे दिसते की, व्याकरणाच्या नियमाची शास्त्रीयता त्याच्या सामर्थ्यापेक्षा त्याच्या संयमात अधिक आहे. बाधाची श्रेणी, असिद्धत्व आणि सकृत् प्रवृत्ती ही पाणिनीय परंपरेने नियमांना घातलेली तीन संयमनेच होत.

७. उपसंहार

सारांश असा. स्वयंचल यंत्रांच्या सिद्धान्तातील नियमाचा आकार व्याकरणशास्त्राशी इतिहासाने जोडलेला आहे, आणि त्या इतिहासात नागेश, कीलहॉर्न, अभ्यंकर व जोशी यांचे स्थान आहे. नियमांच्या कलहाचा आणि अनवस्थेचा विचार परंपरेने स्वतंत्रपणे व मोठ्या सूक्ष्मतेने केलेला आहे. परंतु नियमांच्या अंतिम मर्यादेची सिद्धता ही विसाव्या शतकाची कमाई असून ती आपण इतरांप्रमाणेच शिकून घ्यावयाची आहे.

यातून अध्यापनाविषयी एक गोष्ट सहज सुचते. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याला परिमित यंत्र शिकविताना मराठीच्या सामान्यरूपाचा नकाशा काढावयास सांगावा आणि न थांबणाऱ्या नियमाचे उदाहरण म्हणून धकाराचे द्वित्व दाखवावे. परिभाषेन्दुशेखर वाचणाऱ्या विद्यार्थ्याला जॉन्सनचा सिद्धान्त सांगून, परंपरेतील कोणत्या परिभाषा अशा रीतीने गणितात मांडता येतात आणि कोणत्या येत नाहीत, याची छाननी करावयास लावावे. ही छाननी सव्वाशे परिभाषांपैकी फारच थोड्यांच्या बाबतीत झालेली आहे. ती करावयास महाग यंत्रसामग्री लागत नाही; मूळ ग्रंथ, कागद आणि दोन्ही शास्त्रांची निष्ठेने केलेली तयारी एवढे पुरते. विदर्भातील एखाद्या तालुक्याच्या महाविद्यालयातूनही ती होऊ शकेल. दोन दालनांमधील दार उघडावयाचे ते अभिमानाने नव्हे, तर अशा एकेका परिभाषेच्या तपासणीने.